भाऊजींसाठी राखलेलं बी

धाकटीला अख्खी वस्ती धाकटीच म्हणते. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, पुढचे दोन दात गेले, तरी धाकटीच. लग्न होऊन आली तेव्हा घरातली धाकटी सून होती, तेव्हाचं नाव चिकटलं ते चिकटलं. सासू-सासरे गेले, थोरली जाऊ गेली, नवराही गेला. त्या घराण्यात तिच्याहून थोरलं असं एकच माणूस उरलंय, तिचे भाऊजी, नवऱ्याचे सख्खे थोरले भाऊ. ते अजून खणखणीत आहेत, रोज सकाळी काठी आपटत नदीच्या बांधावरून फिरतात, आणि त्यांना तसं फिरताना बघून धाकटीला बरं वाटतं. लोक म्हणतात, काय माया आहे बाईची. माया कसली डोंबलाची! तिला ते जिवंत हवे होते, कारण मेलेल्या माणसाच्या तोंडून कबुली निघत नाही.

कबुली कशाची, ते आधी ऐका.

वस्ती म्हणजे चाळीसएक घरं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला शेतं आणि घरं, आणि दोहोंच्या मधे दोन पुरुष उंचीचा मातीचा बांध. हा बांध आहे म्हणून वस्ती आहे. त्याचा खरा वैरी पाणी नव्हे, घूस. घूस बांधात बीळ पाडते, पूर आला की पाणी त्या बिळात शिरतं, आणि बोटाएवढी धार तासाभरात बैलगाडी जाईल एवढी होते. म्हणून तिथला नियम असा, की ज्याच्या शेतासमोर बांधाचा जेवढा तुकडा येतो तेवढा त्यानं राखायचा. पावसाआधी पायानं चाचपत चालायचं, पोकळ लागलं की खणायचं, ओली माती ठोकून भरायचं. ज्याच्या तुकड्यातून बांध फुटेल त्याचं तोंड काळं. शिक्षा काही नाही. नुसते लोक त्याच्याशी बोलायचे थांबतात, आणि चाळीस घरांच्या वस्तीत त्याहून मोठी शिक्षा शोधून सापडायची नाही. सगळ्या बांधावर देखरेख करायला एक जण नेमलेला असतो. हे काम भाऊजींकडे होतं, म्हणून वस्ती त्यांना मुकादम म्हणते.

चोवीस वर्षांपूर्वी मोठा पूर आला. तीन दिवस पाणी बांधाच्या ओठापाशी होतं. वरच्या अंगाला मुकादमांचं घर, त्यांची शेतं आणि आणखी वीसेक घरं. खालच्या अंगाला धाकटीचं शेत, पिठाची गिरणी आणि चार घरं. चौथ्या दिवशी उजाडताना धाकटी बांधावर बांधलेलं वासरू सोडायला गेली. तांबडं फुटलं होतं, माणूस ओळखू येत होतं. तिच्या शेतासमोर, तिच्या नवऱ्यानं राखलेल्या तुकड्यावर, भाऊजी फावड्यानं बांध फोडत होते. तिनं डोळे चोळून पाहिलं. पाणी आधी चुळकाभर आलं, मग बादलीभर, मग बांधाचा एवढा मोठा लगदा सरकला आणि नदी तिच्या शेतात उतरली. भाऊजींनी मान वर केली, धाकटीला पाहिलं. मग फावडं खांद्यावर टाकून वस्तीकडे पळत सुटले, आणि ओरडत काय होते? तर, "बांध फुटला, बांध फुटला." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

वरची घरं वाचली. खाली गिरणी बुडाली, चार घरं बसली, आणि धाकटीच्या शेतात कमरेएवढी वाळू आणि गोटे येऊन पडले. पाणी ओसरल्यावर वस्ती जमली, तेव्हा मुकादमांनी बांधाचं खिंडार सगळ्यांना दाखवलं आणि अगदी खिन्न चेहऱ्यानं म्हणाले, "घुशीचं बीळ होतं. माझाच भाऊ आहे, मी काय बोलू?"

काही बोललेच नाहीत, आणि सगळं बोलून गेले.

धाकटी तिथल्या तिथे म्हणाली, "बीळ नव्हतं. भाऊजींनी फोडला. मी बघितलं." तर मुकादम रागावले नाहीत, ही त्यांची खुबी. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "धाकटे, तुझं शेत गेलंय. दुःखात माणसाला काहीही दिसतं." बायकांनी तिला धरून बाजूला नेलं, पाणी पाजलं, डोक्यावरून हात फिरवला. त्या हात फिरवण्याची आठवण झाली की अजून तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि नवरा? तो गरीब गाय. धाकटीनं घरात बसवून त्याला सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, तर तो म्हणाला, "दादा असं करणार नाही. माझंच बीळ बघायचं राहिलं असणार." आठ दिवस आधी तोच बांध त्यानं पायानं नव्हे, हातानं चाचपला होता, गुडघ्यांवर रांगत. तरी म्हणायचा, "राहिलं असणार कुठेतरी." गिरणीवाल्यानं वर्षभर त्यांचं दळण घेतलं नाही. "आधी बिळं बुजवायला शीक, मग पीठ खा," असं चारचौघांत म्हणाला. नवरा मान खाली घालून पिशवी परत घेऊन आला. तिसऱ्या वर्षी साधा ताप आला आणि त्यात तो गेला. डॉक्टर म्हणाला, औषध लागू पडत नाही असं होत नाही, पण ह्यांनी घेतलंच नाही की काय? जाताना शेवटचं बोलला तेही तेच, "एक बीळ राहिलं गं."

ह्यापुढे धाकटीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. भाऊजींनी आपल्या तोंडानं, सगळ्यांसमोर सांगावं की बांध मी फोडला, माझ्या भावाची चूक नव्हती. शेत नको, माफी नको, दया तर मुळीच नको. एवढं एक वाक्य.

सापानं डूख धरावा तसा तिनं धरला. पण डूख धरून पोट भरत नाही, म्हणून तिनं पाटी घेतली आणि वाळू उपसायला लागली. एकटीनं. रोज पन्नास पाट्या, आजारी असली तर तीस. लोक म्हणायचे, बाई वेडी झाली, नदी का कधी पाटीनं उपसते? नऊ वर्षं लागली, पण शेताचा मधला पट्टा मोकळा झाला. भोवती वाळूचे ढीग तसेच राहिले, आणि त्या ढिगांनीच तिला हात दिला. कांद्याचं बी धरायचं तर जवळपास दुसरा कांदा फुलत असू नये, नाहीतर माश्या इकडचं तिकडे नेतात आणि बी भेसळीचं निघतं. धाकटीचा पट्टा वाळूच्या मधे एकटा, आसपास कुणाचं काही नाही. तिथे तिनं निवडक कांदे लावले, त्यांना कमरेएवढे दांडे आले, दांड्यांवर पांढरे गोंडे आले, आणि गोंडे तडकून आतलं काळं बी दिसायला लागलं की ती पहाटेच्या दवात एकेक गोंडा हातानं खुडायची. वाळवायचं, चोळायचं, पाखडायचं, पाण्यात टाकायचं, तरंगेल ते फेकायचं, बुडेल ते पुन्हा सावलीत वाळवायचं.

आणि मग तिची ती मोजणी. दर डब्यातले शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठ दिवस उशाशी ठेवायची आणि किती उगवले ते बघायची. नव्वदच्या खाली उगवले तर तो डबा कुणालाही द्यायची नाही. चार-पाच वर्षांत असं झालं की अख्खी वस्ती बी नेते ती धाकटीकडूनच, आणि घरी नेऊन कुणी तपासत नाही. बाजारचं बी आणलं तर सगळे आधी फडक्यात घालून बघतात. धाकटीचं बी सरळ वाफ्यात. गिरणीवालासुद्धा येऊ लागला. त्याला ती द्यायची, पण पायरीखाली उभा करून. तो हसून म्हणायचा, "धाकटे, बी तुझं सोन्यासारखं, तोंड मात्र मिरचीसारखं." ती म्हणायची, "मिरचीचं बी हवंय का?"

एकच घर तिच्याकडून बी न्यायचं नाही. मुकादम बाजारातून आणायचे, दोन कोस लांब जाऊन. नाकानं कांदे सोलणारा माणूस, त्याला भावजयीच्या दारात उभं राहायची लाज वाटायची म्हणा किंवा भीती. पण धाकटी दरवर्षी थोडं बी वेगळं काढून ठेवायची, आणि ते पाच वर्षांचं झालं की वरच्या फळीवरच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. कांद्याच्या बियाचा जीव थोडा. पहिल्या वर्षी उगवतं, दुसऱ्या वर्षी निम्मं, चौथ्या-पाचव्या वर्षी त्यात राम राहत नाही. पण दिसायला? तेच काळं, तेच टणक, पाण्यात टाकलं तर नव्यासारखंच बुडतं. जुनं मेलेलं बी लोक फेकून देतात. धाकटीनं राखलं. तो होता भाऊजींचा डबा. कधीतरी येतीलच, ह्या भरवशावर ती पंधरा वर्षं बी राखत राहिली.

आणि यंदा ते आले.

पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला, मुकादमांच्या वाफ्यांतलं रोप पिवळं पडून एका आठवड्यात कुजलं. बाजारात विचारलं तर बी संपलेलं. आणि कांद्याच्या रोपाला मुहूर्त असतो, दहा-बारा दिवस इकडे-तिकडे झाले की पुढे पात वाढते, खाली गाठ धरत नाही. वर्ष जायची वेळ. मुकादम काठी टेकत दारात आले आणि पायरीवर न चढता म्हणाले, "धाकटे, पायलीभर बी हवं होतं."

"या भाऊजी, बसा," ती म्हणाली. तिच्या तोंडून त्यांच्यासाठी कधी वावगा शब्द निघाला नव्हता. शिव्या सगळ्या आत होत्या, बाहेर भाऊजी आणि तुम्ही. "बी देते. आहे माझ्याकडे. उद्या बांध भरायला सगळे जमणार आहेत ना? तिथे तेवढं सांगा, तो बांध कुणी फोडला ते. आणि बी घेऊन जा, फुकट."

मुकादमांनी काठीची मूठ दोनदा दाबली. "किती वर्षं झाली त्याला?"

"चोवीस."

"मग आता कोळसा उगाळून काय होणार? काळाच निघणार."

"निघू दे. कोण काळं आहे ते तरी दिसेल."

ते तसेच परत फिरले. धाकटी दारात उभी राहून त्यांची पाठ बघत राहिली. तिला वाटलं होतं, गरज पडली की माणूस वाकतो. हा माणूस मोडेल पण वाकायचा नाही, हे तिला त्या दिवशी कळलं आणि तिचा संताप असा उसळला की हातातलं सूप तिनं भिंतीवर आपटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला पाठवलं. ही सून मोठी गोड पोरगी. नवरा ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा तोंड दाखवतो, सगळी शेती तिच्याच अंगावर. लग्न होऊन तिला चार वर्षं झालीत, जुन्या भानगडी तिला ऐकीव माहीत, आणि धाकटीशी ती नेहमी आपुलकीनं वागते. दोन वर्षांमागे धाकटी तापानं पडली तेव्हा हिनंच सासऱ्यांची नजर चुकवून पेज आणून दिली होती.

"काकू," ती म्हणाली, "मामंजींचं आणि तुमचं काय असेल ते असो. मला बी द्या. वाफे तयार करून ठेवलेत मी, माती चाळून."

धाकटीनं फळीकडे पाहिलं. खाली यंदाचा डबा होता, वर भाऊजींचा. ती बराच वेळ उभी राहिली, एवढं खरं. तिला पेज आठवली, हेही खरं. पण त्याच्या वर तिला आठवला पिशवी परत घेऊन येणारा नवरा, त्याची वाकलेली मान. शेत मुकादमांचं, कांदा मुकादमांचा, पोरगी नुसती राबणारी, असं तिनं स्वतःला समजावलं. मनाला समजवायला निघालं की माणूस वकिलाला मागे टाकतं. तिनं स्टूल घेतलं, वर चढली आणि वरचा डबा काढला.

पोरीनं तो कपाळाला लावला. "तुमचं बी म्हणजे बघायलाच नको," म्हणाली, आणि गेली.

बघायला हवं होतं बाई. पण वस्तीत कुणीच बघितलं नसतं, तिचं काय चुकलं?

चार दिवस गेले. पोरगी सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घालायची, वाफ्यांवर गवत अंथरायची, दुपारी ते उचलून वाकून बघायची. सहा दिवस झाले. आठव्या दिवशी कांद्याचं बी वाकलेल्या टाचणीसारखं मातीतून वर येतं, येतंच. आलं नाही. दहाव्या दिवशी तिनं नखानं माती उकरून एक दाणा काढला आणि चिमटीत दाबला, त्याचं पीठ झालं. धाकटी आपल्या शेतातून हे सगळं बघत होती. तिला वाटलं होतं त्याच्या निम्मासुद्धा आनंद झाला नाही, पण झाला. त्या रात्री ती पोटभर जेवली.

चिखलामुळे बांध भरायचं काम लांबलं होतं, ते बाराव्या दिवशी निघालं. पाट्या, फावडी घेऊन सगळी वस्ती बांधावर जमली, मुकादमांच्या शेतासमोर. खाली त्यांचे सोळा वाफे उघडे पडलेले, दाढी केलेल्या गालासारखे सपाट. लोकांच्या नजरा तिकडे जायच्याच. गिरणीवाल्यानं विचारलं, "काय मुकादम, रोप कुठे गेलं? लाजून आत बसलं का?"

दोघं-तिघं हसले. मुकादमांनी सुनेकडे पाहिलं. ती पाटी घेऊन बाजूला उभी होती. आणि मग ते खिन्न चेहऱ्यानं म्हणाले, "खोल दाबलं पोरीनं. पाणीही वेळेवर पडलं नाही. आपल्याच घरची आहे, मी काय बोलू?"

धाकटीच्या हातातलं फावडं थांबलं.

शब्द तेच होते. चेहरा तोच. चोवीस वर्षांत त्या माणसानं एक शब्द बदलायची तसदी घेतली नव्हती. जित्याची खोड. लोकांनी च्‌च्‌ केलं, एक म्हातारी म्हणाली, "आजकालच्या पोरींना घाई फार." आणि पोरगी? धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. वाटलं, आता फटकन बोलेल, मी पोटच्या पोरासारखे जपलेत वाफे, म्हणेल. पोरीनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "झालं असेल खोल माझ्याकडून. एका कडेला जरा जास्त माती पडली होती."

झालं. तिचा नवरा असाच बोलायचा, अगदी ह्याच आवाजात. त्याला कुणी खोटं पाडायची गरजच पडली नव्हती, तो स्वतःच स्वतःला खोटं पाडून मोकळा झाला होता. आणि ह्या वेळी ते बीळ मुकादमांनी पाडलं नव्हतं. तिनं पाडलं होतं, स्टुलावर चढून, स्वतःच्या हातानं.

गप्प बसली असती तर? मुकादमांचं वर्ष गेलंच होतं. सूड पुरा झाला होता, कुणाला संशयसुद्धा नव्हता. पोरीचं तोंड काळं झालं असतं, एवढंच. एवढंच म्हणता म्हणता धाकटीला स्वतःची किळस आली.

"पोरीचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण फावडी थांबली. "बी मेलेलं होतं. पाच वर्षांपूर्वीचं, त्याहूनही जुनं. मी जाणूनबुजून दिलं."

गिरणीवाला म्हणाला, "धाकटे, काय बोलतेस? तुझं बी?"

"माझंच. ताजं खाली होतं, मेलेलं वर होतं, मी वरचं दिलं. मुकादमांचं वाटोळं व्हावं म्हणून दिलं, पोरीचा विचार केला नाही. आता उद्यापासून माझ्या बियाला कुणी हात लावला नाही तरी मी काही म्हणणार नाही. पण तिला बोल लावू नका."

पोरीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे बघायची धाकटीला हिंमत झाली नाही.

मुकादम आधी गोंधळले. मग त्यांना जोर चढला. चोवीस वर्षं ज्या बाईला ते घाबरून होते, ती आज सगळ्यांसमोर आपल्या पायानं खड्ड्यात उतरली होती. ते काठी आपटत पुढे आले. "ऐकलंत ना सगळ्यांनी? ही हिची लायकी. चोवीस-चोवीस वर्षं मनात विष ठेवून माणसाचं अन्न मारते. मला बोलते, मी बांध फोडला म्हणून! अगं, मी फोडला तो वस्तीसाठी फोडला. वीस घरं जात होती वरची. तुझं एक शेत गेलं त्याला मी काय करू? मी वस्तीसाठी केलं, तू सुडासाठी केलंस. मला हिच्या पंक्तीला बसवू नका."

रागाच्या भरात त्यांना ते कळलंच नाही. तिच्याहून आपण बरे, हे दाखवायच्या हट्टापायी निघून गेलं तोंडातून. बाकीच्यांना मात्र कळलं. खालच्या अंगाच्या चार घरांतली माणसं तिथेच उभी होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गिरणीवाल्यानं हातातलं फावडं मातीत रोवलं.

धाकटी पुढे झाली. इतकी वर्षं ह्या क्षणाला काय बोलायचं ते तिनं हजारदा घोकलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. "वीस घरं वाचवलीत, भाऊजी," ती म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचं होतं. लोकांनी हार घातले असते. घुशीचं नाव कशाला घेतलंत? तुमच्या भावाचं नाव कशाला घेतलंत? ते तुम्हाला दादा म्हणायचे. मी खरं सांगितलं तर मला खोटं पाडून तुम्हाला खरं मानलं त्यांनी. मरेपर्यंत बीळ शोधत होते ते."

कुणी मुकादमांना धरलं नाही, कुणी पाणी दिलं नाही. थोड्या वेळानं ते बांधावरून एकटेच घराकडे निघाले आणि वाटेत त्यांना वाट करून देण्यासाठी लोक बाजूला झाले, फार लांब बाजूला झाले.

गिरणीवाला धाकटीजवळ आला. "मी तुझ्या नवऱ्याला पीठ..." एवढं म्हणून अडकला.

"मला काय सांगता?" धाकटी म्हणाली. "त्यांना सांगायचं होतं. एकवीस वर्षं उशीर झाला तुम्हाला." आणि तिनं पाठ फिरवली. कुणाला वाटत असेल की मोकळं झाल्यावर बाईचं मन निवळलं, तर ते तसं नव्हतं. हवं ते वाक्य मिळालं होतं, पण ज्याला ऐकवायचं तोच नव्हता. तिचा राग होता तिथेच होता, फक्त आता त्याला जायला जागा नव्हती.

एक जागा मात्र होती, आणि ती कुठे ते तिला माहीत होतं. दुपारी ती मुकादमांच्या शेतात गेली. सून वाफ्यांत बसून खुरप्यानं माती मोकळी करत होती. तिनं धाकटीला पाहिलं आणि पुन्हा खाली बघून काम करू लागली.

"माझ्या शेतात सहा वाफे रोप आहे," धाकटी म्हणाली. "करंगळीएवढं झालंय. आता बी टाकलंस तर उशीर होईल, रोप नेलंस तर वेळेत लागेल. सगळे वाफे तुझे. उद्यापासून पाणी तू घाल."

"आणि तुम्ही काय लावणार?"

"मी काही नाही लावणार."

पोरगी खुरपं थांबवून बसली. डोळे लाल होते, पण आता त्यात पाणी नव्हतं. "मी घरी जाऊन रडले," ती म्हणाली. "मामंजींनी बोल लावला म्हणून नाही. ते तसेच आहेत, मला माहीत आहे. पण दहा दिवस मी त्या वाफ्यांपुढे बसून माझं काय चुकलं ते शोधत होते, आणि तुम्ही तिकडून बघत होता. तुमचं शेत इथून दिसतं, काकू. तुम्ही रोज बघत होता."

"हो," धाकटी म्हणाली.

"मामंजींनी काकांचं जे केलं, तेच तुम्ही माझं केलंत."

पोरीनं हाताची माती झटकली.

"रोप मी घेते," पोरगी म्हणाली. "गरज आहे म्हणून घेते. पण मी हे विसरणार नाही. तुम्ही मला आई मानायला सांगितलंत तरी विसरणार नाही."

"विसरू नकोस," धाकटी म्हणाली. "मी तुझ्या जागी असते तर मीही विसरले नसते."

मग तिनं कडेला पडलेलं दुसरं खुरपं उचललं, वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि माती मोकळी करायला लागली. पोरीनं तिला ऊठ म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत दोघी समोरासमोर बसून काम करत होत्या, आणि एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत.